एकशे पाच फेऱ्या

बुधवार, सकाळचे सहा पन्नास. अकरा मजली ऑफिसच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये लिफ्ट मेकॅनिक गुडघे टेकून बसला होता. हातात टॅकोमीटर, म्हणजे फिरत्या चाकाचा वेग मोजणारं मुठीएवढं यंत्र. लिफ्ट ठरलेल्या वेगापेक्षा पंधरा टक्के जास्त धावली की तिला जागच्या जागी पकडणारं एक चाक वर असतं, त्याला गव्हर्नर म्हणतात. त्याचा वेग त्याने मोजला. बरोबर आला. पुन्हा मोजला, पुन्हा बरोबर आला. तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा लिफ्टमध्ये उभा असलेला जोडीदार वॉकीटॉकीवर ओरडला.

"अरे, पाळण्यात घालून झोके देतोयस का मला? माणसं यायला लागतील आता."

"एकदाच अजून."

"आकडा तोच येणार. तुझं लग्न नाही ठरत त्याच्यावर."

मेकॅनिकचं वय चौपन्न. सव्वीस वर्षं याच कामात. जोडीदाराला त्याची बाकीची ओळख ऐकीव होती. गेली नऊ वर्षं, अधूनमधून चुकलेले शनिवार सोडले तर, दर शनिवारी संध्याकाळी सहाला हा माणूस फोनवरच्या एका ग्रुपला एक रेकॉर्ड सुचवत आला होता. एका शनिवारी आफ्रिकेतलं संगीत, दुसऱ्या शनिवारी ज्याला चाल नाही, ठेका नाही असं लोक म्हणतात तो जॅझ. ग्रुपमध्ये त्रेसष्ट जण. बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. आफ्रिकेतल्या रेकॉर्ड मामाच्या. मामा जहाजावर इंजिनफिटर होता आणि बंदरात उतरला की इतर खलाशी जे काही करतात ते न करता रेकॉर्डच्या दुकानात जायचा, असं निदान मामीला सांगायचा. जॅझच्या रेकॉर्ड मेकॅनिकने जुन्या बाजारातून जमवलेल्या. यातल्या बऱ्याच दुसरीकडे मिळत नाहीत, म्हणून तो स्वतःच्या रेकॉर्ड प्लेअरवर वाजवून प्रत्येक रेकॉर्डची नक्कल करायचा आणि शिफारशीसोबत पाठवायचा.

शिफारस चार-पाच ओळींची. घानाच्या एका रेकॉर्डबद्दल त्याने लिहिलं होतं, "ढोल दोन, भांडण एक. पहिली बाजू उभ्यानेच ऐका, बसलात तरी उठावं लागेल." एका सॅक्सोफोनवाल्याबद्दल, "सहा मिनिटं हा दार शोधतो. सापडल्यावर आत जात नाही." लोकांना हे आवडायचं. बेचैन हा शब्द त्याच्या शिफारशींत इतका यायचा की ग्रुपने त्याचं नावच बेचैनराव ठेवलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी त्याला एक खाजगी मेसेज आला. पाठवणारी एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, ग्रुपमध्ये येऊन तिला तीनच महिने झाले होते.

"दादा, राग मानू नका. तुम्ही पाठवता त्या रेकॉर्डबरोबर मी घरी वाजवून बघते. घानाची एक, मालीची एक, जॅझच्या दोन. चारही जवळजवळ अर्ध्या सुराने चढ्या लागतात. देश वेगळे, माणसं वेगळी, आणि चढली सगळी एकाच मापाने? तुमचं मशीन एकदा तपासा. मी कोणाला बोललेले नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

बुधवारी घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत. रेकॉर्ड प्लेअरवर टॅकोमीटर टेकवला तर हलकी थाळी मंदावते आणि आकडा खोटा येतो, हे त्याला माहीत होतं. थाळीच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून, घड्याळ समोर ठेवून त्याने फेऱ्या मोजल्या. तीन मिनिटांत शंभर व्हायला हव्यात. एकशे पाच झाल्या.

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, काय पुटपुटताय?"

"गप्प. चुकेल."

दुसऱ्यांदाही एकशे पाच. तिसऱ्यांदा त्याने तिला मोजायला बसवलं. तिच्याही एकशे पाचच झाल्या आणि भाजी तशीच राहिली.

कारण शोधायला वेळ लागला नाही. नऊ वर्षांपूर्वी मोटरवरची प्लॅस्टिकची छोटी पुली तडकून तिचे दोन तुकडे झाले होते. नवी मिळेना. त्याने तुकडे डिंकाने जोडले, जोडावरून माप घेतलं आणि त्या मापाची पितळी पुली मेहुण्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर करून घेतली. माप साडेदहा मिलिमीटर आलं होतं. मूळ पुली दहाची असणार. मधला अर्धा मिलिमीटर डिंकाचा, आणि पुली जेवढी जाड तेवढी थाळी जोरात.

गुरुवारी संध्याकाळी तो पुली रुमालात बांधून मेहुण्याकडे गेला.

मेहुणा म्हणाला, "माप तुम्ही दिलंत, पुली मी दिली. मापात पाप तुमचं, भावजी. लेथवर ढकलू नका."

"ढकलत नाहीये. अर्धा मिलिमीटर उतरवून दे."

"नऊ वर्षांनी? हिची तर वॉरंटी संपली."

काम दहा मिनिटांचं होतं. तेवढ्यात मेकॅनिकने वर्कशॉपच्या दारापर्यंत आठ चकरा मारल्या. मेहुण्याला चेष्टा सुचत होती, कारण त्याला पुढची गोष्ट माहीत नव्हती. मामाच्या रेकॉर्ड घरात नऊ वर्षांच्या कितीतरी आधीपासून होत्या. मेकॅनिक त्या लहानपणापासून ऐकत होता, आणि बऱ्या आहेत यापलीकडे त्याला कधी काही वाटलं नव्हतं. नवी पुली बसवली त्या दिवशी त्यातली एक लावली आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला. दुरुस्तीने मशीनचा आवाज खुलला, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. त्याच आठवड्यात त्याने पहिली शिफारस लिहिली. त्यानंतर चारशे अकरा. आता प्रश्न एवढाच होता, की या चारशे बारा वेळा त्याने लोकांना त्या माणसांचं संगीत सुचवलं होतं, की स्वतःची पुली.

उतरवलेली पुली बसवून त्याने फेऱ्या मोजल्या. शंभर. मग पहिल्या शिफारशीची रेकॉर्ड लावली. मालीची गायिका, मागे तंतुवाद्यं. शिफारशीत त्याने लिहिलं होतं, "सोळा वर्षांची पोर घरातून पळून जाताना गाते आहे." आता जी गात होती ती चाळिशीची होती आणि कुठेही पळत नव्हती.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ही कोण?"

"तीच."

"छे. ती नाही ही."

"तीच आहे. तेव्हाची ती नव्हती."

त्याने बाजू पूर्ण ऐकली. त्याला आवडली नाही. ठेका रेंगाळतोय, गायिका वाट बघायला लावतेय असं वाटत राहिलं. बायको मात्र दाराला टेकून शेवटपर्यंत उभी होती. नऊ वर्षांत ती असं कधी उभी राहिली नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यामुळे तो आणखीनच चिडला.

शुक्रवारी दोघे एका हॉस्पिटलच्या लिफ्टच्या दोऱ्या तपासत होते. जोडीदाराने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"सांगू नकोस. पाच टक्क्यांना गव्हर्नरसुद्धा काही विचारत नाही."

"त्या बाईला माहीत आहे."

"ती बोलणार नाही म्हणालीये ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय? पुली बदललीस, विषय संपला. पुढच्या रेकॉर्ड नीट पाठव."

"मागच्यांचं काय?"

"मागच्या कोण ऐकतंय परत?"

जोडीदाराला हे मात्र ठाऊक नव्हतं. लोक परत ऐकत होते. रात्रपाळीची एक नर्स मालीची रेकॉर्ड घरी जाताना रोज ऐकायची. एका बेकरीवाल्याने घानाची पहिली बाजू पावाचं पीठ मळण्यासाठी राखून ठेवली होती. कोर्टातल्या एका निवृत्त कारकुनाने सगळ्या शिफारशी वहीत उतरवून त्यांना अनुक्रमांक दिले होते. गप्प बसलं तर हे सगळं जिथल्या तिथे राहणार होतं. सांगितलं तर दर शनिवारी सहाला जे त्रेसष्ट जण त्याच्या कानावर विश्वास ठेवून फोन उघडायचे, ते उरतील का, हे त्याला माहीत नव्हतं. कामाच्या बाहेर त्याच्यावर विश्वास ठेवणारी एवढी माणसं दुसरी कुठे नव्हती.

शनिवारी दुपारपासून त्याने तीन मजकूर लिहिले आणि खोडले. एकात जुन्या मशीनवर ठपका होता, एकात डिंकावर. सहाला दोन मिनिटं असताना त्याने चौथा पाठवला.

"या आठवड्यात नवी रेकॉर्ड नाही. नऊ वर्षं माझं मशीन पाच टक्के जोरात फिरत होतं. पुलीचं माप मी चुकवलं. मी पाठवलेली प्रत्येक रेकॉर्ड तुम्ही चढ्या सुरात आणि घाईत ऐकलीत. चूक मला कळली नाही. क्लॅरिनेटवाल्या बाईंना कळली."

 पहिलं उत्तर येईपर्यंत वीस मिनिटं तो गॅलरीत जात-येत राहिला.

"अहो, ती फरशी झिजेल," बायको म्हणाली.

मग बेकरीवाल्याचा मेसेज आला. "मला जुनीच राहू द्या. हळू केलीत तर पाव उशिरा होतील." नर्सने विचारलं, "मग आम्ही इतकी वर्षं ऐकलं काय?" त्यावर कोणीतरी लिहिलं, "पंच्याण्णव टक्के आफ्रिका, पाच टक्के बेचैनराव." हसणारे चेहरे आले. निवृत्त कारकून हसला नाही. "चारशे बारा नोंदी रद्द," एवढंच लिहून तो ग्रुपमधून बाहेर पडला. रात्रीपर्यंत आणखी चौघे गेले. मेकॅनिकने कोणाला थांबवलं नाही.

रविवारी सकाळी त्याने ग्रुपला कळवलं, की सगळ्या रेकॉर्डची नक्कल पुन्हा करणार, पहिल्यापासून, आणि ती संपेपर्यंत नवीन शिफारस नाही. क्लॅरिनेटवालीने विचारलं, "सोबत जुनाच मजकूर पाठवणार का, दादा?"

"नाही. तो मजकूर पुलीचा आहे."

"मग मालीच्या बाईंबद्दल काय लिहाल?"

"अजून काही नाही. मला त्या आवडत नाहीत."

"पाठवाल तरी?"

"पाठवीन."

चारशे बारा रेकॉर्ड, आठशे चोवीस बाजू. कामावर जायच्या आधी रोज एक बाजू धरली तर दोन वर्षं तीन महिने लागतील. उद्या सोमवारी पाच वाजून वीस मिनिटांनी तो मालीच्या रेकॉर्डची पहिली बाजू लावेल. पूर्वी ती एकवीस मिनिटं पस्तीस सेकंदांत संपायची. आता बावीस मिनिटं चाळीस सेकंद चालते.