बसायला शिकवायचे किती?

कामशेतला मी आणि माझा मामेभाऊ संदीप कुत्र्यांना ट्रेनिंग देतो. लोकांना वाटतं, आमच्याकडे कुत्र्यांचे किस्से असतील. छे! कुत्री सरळ असतात. 'फी किती?' असं माणसानं विचारलं, की किस्सा तयार!

*

सुरुवातीला दर संदीप सांगायचा. तळेगावच्या एका काकांना म्हणाला, "महिन्याचे आठ हजार."

काका गप्प.

"म्हणजे... सात."

काका गप्पच.

"बरं, सहा!"

काकांनी कानातला इअरफोन काढला. "सॉरी, फोनवर होतो. किती म्हणालात?"

"पाच," संदीप म्हणाला!

*

त्या महिन्यात पेट्रोलचेही पैसे सुटले नाहीत. जागेचं भाडं थकलं, धंदा बंद करायची वेळ आली. मग मी नियम केला. दर आठच, आणि तो सांगून झाला की संदीपनं पाण्याची बाटली तोंडाला लावायची. तोंड बंद!

लोणावळ्याच्या एका मॅडमना त्यानं दर सांगितला आणि बाटली लावली. मॅडम विचार करत राहिल्या. संदीप पीत राहिला. बाटली संपली.

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही एकदा शुगर तपासून घ्या."

*

नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातले एक सुपरवायझर. दर ऐकून पहिला प्रश्न, "वॉरंटी किती?"

"सर, कुत्रा आहे तो."

"म्हणून तर विचारतोय! मशीन असतं तर मीच बघितलं असतं."

*

मुंबईचे एक साहेब फक्त वीकेंडला बंगल्यावर यायचे. कुत्रा सांभाळायचा केअरटेकर, म्हणून आम्ही त्याला मराठीतच शिकवलं. साहेब "सिट, सिट" म्हणून दमले. केअरटेकर हळूच "बस रं" म्हणाला, कुत्रा बसला.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "इंग्लिश मीडियमचे एक्स्ट्रा किती?"

*

आणि वडिवळ्याचे आबा! त्यांचा टिपू पाहुण्यांवर इतका भुंकायचा, की माणसं दारातूनच परत फिरायची. दर ऐकून आबा म्हणाले, "एवढ्यात शेळी येती की, पोरी!" शेवटी निम्मे पैसे आणि निम्म्याचा इंद्रायणी तांदूळ, असं ठरलं.

टिपू शिकला. पाहुणा आला की शेपूट हलवून बाजूला व्हायला लागला. आबांनी सगळी फी चुकती केली.

गणपती होऊन बरेच दिवस झाल्यावर आबा टिपूला घेऊन पुन्हा दारात!

"काय झालं, आबा? परत भुंकतोय का?"

"न्हाई. आजिबात न्हाई."

आबा बसले. टोपी काढली, घाम पुसला.

"मेव्हणं आल्यात गणपतीला. आजून हितंच हायेत."

मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले,

"पोरी, शिकवायचं घेतलंस ते घेतलंस. इसरवायचं किती घेशील?"