शेक-शेगडी आणि दृष्टीच्या मिरच्या

मी खिडकी उघडली की सावंतकाकी बंद करायच्या. बराच वेळ आमचं हेच चाललं होतं.

चिंचपोकळीच्या चाळीतली एक खोली. बाळंतपणानंतर आई-बाळाला घरी जाऊन तपासायचं, ही होम व्हिजिट नर्स म्हणून माझी ड्युटी. खाटेवर काकींची सून प्रिया आणि तिचं नवजात बाळ, खाटेखाली पेटलेली कोळशाची शेगडी. दार लोटलेलं, पंखा बंद.

"तिका वारो लागात," काकी म्हणाल्या.

प्रियाचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. काकींचंही डोकं जड. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. माणूस नुसता गुंगत जातो. मी हे सांगितल्यावर काकींनी बाळाकडे बोट दाखवलं. शेगडीमुळेच ते कसं शांत झोपलंय बघा, म्हणाल्या. मला त्या शांतपणाचीच धास्ती वाटत होती.

तेवढ्यात प्रियाची मोठी मुलगी, तीन वर्षांची ओवी, बाहुलीला शेक द्यायला खाटेखाली शिरली. मी फ्रॉक धरून तिला मागे ओढलं. ती वाचली, बाहुलीचे केस वितळले. ओवीने भोकाड पसरलं.

आता काकींची खात्रीच पटली. सगळ्यांची डोकी धरलीत, त्यात हे. नक्की कुणाची तरी नजर लागली. मी बाळाला उचलेपर्यंत त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्यासुद्धा.

पुढच्या क्षणी मिरच्यांच्या ठसक्याने सगळे गॅलरीत. बाळ माझ्याकडे, ओवी काकींच्या कडेवर, प्रिया कठड्याला धरून खोकतेय. शेजारचेही बाहेर आले. मोकळ्या हवेत डोकी हलकी होऊ लागली. बाळाने टाहो फोडला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"बघलंस? दिष्ट उतारली," काकी म्हणाल्या.

मी टॅक्सी करून सगळ्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे रक्त तपासलं, ऑक्सिजन दिला. बाळ सुखरूप होतं. काकींनी डॉक्टरांनाही मिरच्यांचा उपाय सांगितला.

घरी सोडताना मी काकींना म्हटलं, "ही नजर कोळशावर बसते. पेटती शेगडी खोलीत आणायची नाही."

हे माझ्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. पण काकींनी ऐकलं. शेक आता गरम पाण्याच्या पिशवीने, तीही कापडात गुंडाळून आणि ओवीचा हात पोचणार नाही अशी.

तेव्हापासून अशा घरात शिरले की मी आधी माणसं बाहेर काढते. सायन्स मग गॅलरीत सांगते.