गारठलेली चाकं

थंडी पडली की आमच्या घरात दोन गोष्टी उन्हात बसतात. एक खोबरेल तेलाची बाटली आणि दुसरी आई. यंदा आईने त्यात तिसरीची भर घातली. तिच्या बहिणीकडे जायला सकाळी गाडी काढली, तर टायर जरा बसलेले दिसले.

"गारठ्याने आखडलेत बिचारे," आपले गुडघे चोळत आई म्हणाली. "घटकाभर उन्हात लाव गाडी."

मी हसलो आणि तिला घेऊन पेट्रोल पंपावर गेलो. तिथे हवेसाठी ही रांग! कानटोप्या घातलेली, खिशात हात खुपसलेली माणसं आपापल्या गाडीशेजारी अंग चोरून उभी. थंडीने हवा आक्रसते, तसा माणूसही आक्रसतो. पुन्हा टम्म व्हायला दोघांनाही फारसं काही लागत नाही. नळी फुसफुसली, टायर फुगले, गाडी किंचित उंच झाली. आईने काच खाली केली.

"नीट भरा हो दादा, बहिणीकडे चाललेय मी!"

टायरची टोपणं बसली का बघायला मी वाकलो, तोच कानाशी हॉर्न वाजला. आखडलेले गुडघे विसरून आई शेजारच्या सीटवरून ओणवी झाली होती आणि दोन्ही हातांनी तो दाबत होती.