सुकट आणि लिफ्टजवळची सूचना

निपाणीच्या बसस्थानकावर आक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, कागदात बांधलेले सुकट माझ्या पिशवीत घातले, तेव्हा कंडक्टरने नाक मुरडले. "आजोबा, वास सुटलाय. पिशवी मागं डिकीत टाका." मी उत्तर देण्यापूर्वीच आक्का खिडकीशी आली. "वासाचं बी तिकीट लागतंय व्हय रं? मग फाड की, अर्धं फाड!" सारी बस हसली, कंडक्टरही हसला, आणि पिशवी माझ्या मांडीवरच राहिली. पत्नीच्या माघारी, वकिलीचा काळा कोट कपाटात टांगून, मी मुलीकडे बेळगावला निघालो तो असा. बस हलली तशी आक्का ओरडली, "जीभ हितंच ठिवून जाऊ नगंस!"

गाव सोडलेल्या आणि गावातच राहिलेल्या माझ्या माणसांनो, त्या जिभेचे पुढे काय झाले ते ऐका.

माझी मुलगी उज्ज्वला टिळकवाडीत राहते, महाविद्यालयात शिकवते आणि संध्याकाळी दमून परतते. डॉक्टरांनी माझे रात्रीचे जेवण हलके करण्याचा हुकूम सोडला, म्हणून रात्रीचा स्वयंपाक मीच अंगावर घेतला. मोबाइलवर पाककृती मिळाल्या: झटपट, हलक्या, 'आशियाई'. माझी पहिली हरकत या विशेषणालाच होती. निपाणी कोणत्या खंडात आहे असे या मंडळींना वाटते? दुसरी हरकत टोफूला. ओला खडू चावावा आणि वर त्याचे आभार मानावेत, असा तो पदार्थ. वाफवलेला कोबी, पांढऱ्या नूडल्स, आणि मिठाचे प्रमाण वाचताच रक्तदाब वाढवणारा सोया सॉस, तोही पथ्याच्या नावाखाली! किळस येत असूनही मी गिळत राहिलो.

माझी आई तंबाखूच्या वखारीत दिवसभर खकाणा, म्हणजे तंबाखूची धूळ, खात असे. संध्याकाळी तिने तव्यावर सुकट, लसूण आणि लाल मिरची परतली की आमच्या बौद्ध वस्तीतली शेजारीण हातात भाकरी घेऊनच दारात यायची. वास हे तिथे आमंत्रण होते.

एका संध्याकाळी मी आक्काने दिलेले सुकट इथल्या तव्यावर टाकले. तवा उतरवण्याआधीच घंटी वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, नाकाला रुमाल लावून.

"वकीलसाहेब, काही मरून पडलंय का? जिन्यात उभं राहवत नाही."

"सुकट भाजतोय."

"असलं आमच्या बिल्डिंगमध्ये चालत नाही."

हा गृहस्थ शाकाहारी नव्हे. रविवारी कॅम्पातल्या हॉटेलात तळलेली सुरमई खाऊन तिचे फोटो तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. मी राहायला आलो त्या दिवशी माझे आडनाव ऐकून "पण मूळचं काय?" असे त्याने दोनदा विचारले होते. दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळ सूचना लागली: उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत. मी लेखी विचारणा केली की ही बंदी कोणत्या पोटनियमाखाली, कोणत्या सभेच्या ठरावाने घातली, आणि 'उग्र' या शब्दाची व्याख्या कोणाच्या नाकाने केली? उत्तर आले नाही. उज्ज्वला मात्र म्हणाली, "आप्पा, बास करा. मला रोज ह्याच जिन्यातून जायचंय." मी कोबीकडे परतलो.

पुढे सोसायटीचे स्नेहभोजन ठरले. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. मी माझ्या हलक्या नूडल्स नेल्या. आले, कांद्याची पात, लिंबू, आणि भाजून कुटलेले सुकट. भांड्यावर चिठ्ठी लावली: 'आशियाई नूडल्स. यात मासळी आहे.' माहिती दडवणे माझ्या स्वभावात नाही. सेक्रेटरींनी चिठ्ठी वाचली, वाटी भरली, पुन्हा भरली.

"वकीलसाहेब, काय सुगंध आहे हो! थाई सॉस का? कुठून मागवलात?"

"निपाणीच्या बाजारातून. लिफ्टजवळ ज्याच्याविरुद्ध सूचना लावलीत, तेच सुकट."

चमचा तोंडाशीच थांबला. मग ते हसून म्हणाले, "असं होय! पण असं केलं तर चालेल की. नुसतं भाजू नका म्हणजे झालं."

त्या परवानगीची मला टोफूपेक्षा अधिक शिसारी आली. माझ्या आईच्या तव्याला ह्यांच्या जिन्यात यायचे, तर थायलंडचा पासपोर्ट हवा!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्काला फोन लावला आणि नियम, ठराव, दुटप्पीपणा असे सारे मुद्दे क्रमाने मांडले. ऐकून ती म्हणाली,

"तुझं कायद्याचं ऱ्हाऊ दे. मला येवढंच सांग, त्यास्नी सुकट नको हाय, का तू नको हायस?"

आयुष्यभर न्यायालयात वादाचे मुद्दे काढले. हा एक मुद्दा मी टाळत आलो होतो. फोन स्पीकरवर होता. महाविद्यालयातून नुकतीच परतलेली उज्ज्वला पर्स खाली न ठेवता तशीच उभी होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि सूचना लागल्यापासून मी बंद ठेवलेली जिन्याकडची खिडकी तिने सताड उघडली.

"आप्पा, तवा ठेवा," ती म्हणाली. "भाकरी मी थापते."

निपाणीला मी आता पाहुणा म्हणून जातो, आणि टिळकवाडीला गाव म्हणायला जीभ अजून वळत नाही. पण जिथे तव्यावरच्या जिनसेला तिच्याच नावाने हाक मारता येते ते घर, एवढी व्याख्या मी स्वतःपुरती मंजूर केली आहे. त्या संध्याकाळी घंटी वाजली. उज्ज्वला पिठाच्या हातांनी दाराकडे निघाली आणि वळून म्हणाली, "तुम्ही परतत राहा. आज मी बोलते."