मास्तर घरी गेले

आम्ही इंग्लंडला निघालो त्या दिवशी विमानतळावर सोडायला माझा मेहुणा आला होता. माझी बायको माली थायलंडची, मेकाँग नदीकाठच्या एका खेड्यातली, आणि दाम हा तिचा थोरला भाऊ. त्याच्या पिकअपच्या मागच्या काचेवर एका पुढाऱ्याचा फोटो चिकटवलेला होता, इतका मोठा की गाडी मागे घेताना दामला काही दिसत नसे. सगळा मुलूख त्या पुढाऱ्याला 'मास्तर' म्हणायचा. लष्कराने सत्ता घेतली तेव्हा हे मास्तर लंडनला निघून गेले होते. "घाबरू नकोस," दाम बहिणीला म्हणाला, "तिकडे मास्तर आहेत." बहिणीला निरोप देताना माणूस डोळे पुसतो; हा पुढाऱ्याचं नाव घेत होता. आणि तिला त्याने खरंच धीर आला, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी स्वतः त्याच्या कितीतरी आधी नागपूर सोडलं होतं, बँकॉकच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी. तेव्हा बाबा म्हणाले होते, "जिथे जाशील तिथलं खा, तिथलं नेस, पण तिथल्या राजकारणात पडू नकोस." मी पडलो नाही. राजकारणच माझ्या घरात येऊन पडलं. मालीशी लग्न करून तिला नागपूरला नेलं तर आईने दुसऱ्याच दिवशी तिची मालती करून टाकली, आणि पहिल्या दिवाळीला ताम्हण हातात देऊन ओवाळायला शिकवलं. "ओवाळून झालं की ओवाळणी घेतल्याशिवाय ताट खाली ठेवायचं नाही. हक्काची असते ती," आई म्हणाली. मालीला तो हक्क फार आवडला होता. त्यांच्याकडे देवाजवळही मागतात ते हळू आवाजात.

आता हे मास्तर कोण, ते सांगतो. खरोखरच शाळामास्तर होते. मग रेडिओवर भाताचे भाव सांगायला लागले, भावाबरोबर दोन शब्द दलालांविरुद्धही बोलायला लागले, आणि बघता बघता खासदार, मग मंत्री झाले. माझ्या सासऱ्यांची किडनी गेली तेव्हा तालुक्याला डायलिसिसची सोय मास्तरांनीच आणलेली होती. सासरे आणखी काही वर्षं जगले ते त्यामुळे, हे मी नाकारत नाही. पण तलावाकाठची सरकारी जमीन मास्तरांच्या भाच्यांच्या नावे कशी झाली, याचंही उत्तर कधी मिळालं नाही. दामला विचारलं तर म्हणायचा, "खाल्लं असेल, पण आम्हालाही वाढलं. आधीचे नुसतेच खायचे." दगडापेक्षा वीट मऊ, दुसरं काय.

लंडनला गेल्यावर मास्तर पडद्यावरून बोलू लागले. तिकडे थायलंडमध्ये लष्कराविरुद्ध धरणं धरून भर चौकात लोक उन्हात बसलेले, आणि पडद्यावर मास्तर बागेतल्या खुर्चीत, मागे गुलाब. "मी येतोय. जागा सोडू नका," ते म्हणाले. दामने सोडली नाही. सैनिक आले, गोळ्या चालल्या, त्याच्या शेजारी बसलेला एक माणूस पुन्हा उठला नाही. दामवर दंगलीचा खटला झाला आणि तो एका होडीतून नदीपार लाओसमध्ये पळाला. तेव्हापासून तो तिकडेच आहे. मास्तर मात्र आले नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

आम्ही तोवर इंग्लंडात, बेसिंगस्टोक गावात रुळलो होतो. मी बिझनेस पार्कात, माली हॉस्पिटलच्या फार्मसीत. तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इथे साहेबासारखे झालो असू. आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हाला ठाऊकच आहे की आपण एक इंचही बदललेलो नाही. तिकडे गल्लीतल्या गणपतीला नगरसेवक लागायचा, इथे मंडळाला लागतो. शाल-नारळ घ्यायला स्टेजवर कोणीतरी माजी मंत्री असल्याशिवाय आपल्याला उत्सव झाल्यासारखा वाटतच नाही. देशी नाही मिळाला तर थायीसुद्धा चालतो.

हो, मंडळाने मास्तरांनाच बोलावलं. आमचे अध्यक्ष पाटणकर काका चाळीसेक वर्षांपूर्वी आलेले, त्यांची गोल्फ क्लबातली ओळख निघाली.

"अरे, एक्स-मिनिस्टर आहेत ते! एकदम डाउन-टू-अर्थ माणूस," काका मला मीटिंगमध्ये म्हणाले. "आणि त्यांच्याकडेही गणपती मानतात ना? परफेक्ट फिट आहे. पुढच्या महिन्यात ते कायमचे घरी चाललेत, सगळं सेटल झालंय म्हणे. फेअरवेलही होईल."

"काका, त्यांच्या शब्दावर बसून राहिला म्हणून मालीचा भाऊ देशोधडीला लागलाय."

"पॉलिटिक्स आपण हॉलच्या बाहेर ठेवू या. आणि बघ, औक्षण मालतीच करेल. मेयरबाई येणारेत, किती लव्हली दिसेल!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सेटल झालंय म्हणजे काय, हे त्या आठवड्यात थायलंडच्या सगळ्या बातम्यांत होतं. ज्या सेनापतींना मास्तर खुनी म्हणत होते, त्यांच्याच पक्षाशी त्यांनी जुळवून घेतलं होतं. मास्तरांवरचे खटले मागे. दामसारख्यांचे जिथल्या तिथे. मी घरी येऊन मालीला म्हणालो, आपण जायचं नाही, आणि वर्गणीही देणार नाही.

"मी जाणार," माली म्हणाली. माझ्या आईकडून उचललेल्या मराठीत ती बोलते, तिच्यापुरतं व्याकरण करून. "तुझ्या आईने मला शिकवला आहे. ओवाळला की मागायचा. मी दामला मागणार."

मी वर्गणी भरून टाकली.

कौन्सिलच्या हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून ताम्हणात बॅटरीचा दिवा. मास्तर ठेंगणे, पांढऱ्या शर्टात, आणि त्यांनी असे हात जोडले की अख्खा हॉल विरघळला. माणूस गोड आहे, त्याला मी तरी काय करू! मालीने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. आणि ताट खाली घेतलं नाही. थायमध्ये ती हळू पण स्वच्छ बोलली. बँकॉकच्या वर्षांत मी ती भाषा शिकलो होतो, त्यामुळे पहिल्या रांगेतून मला प्रत्येक शब्द कळत होता.

"मास्तर, आमच्या सासरी ओवाळून झालं की मागायची रीत आहे. तुम्ही घरी चाललात. जागा सोडू नका म्हणालात, माझ्या भावाने सोडली नाही. तो नदीपलीकडे अडकलाय. तुमच्याबरोबर त्याच्यावरचाही खटला काढायला लावा. एवढंच द्या."

मास्तरांनी मान कलती करून सगळं ऐकलं. तिच्या भावाचं नाव विचारलं नाही. "मुली, सगळ्यांचं होईल," ते म्हणाले. "त्याला धीर धरायला सांग. आधी मला तर पोहोचू दे."

माली ताट धरून तशीच उभी. हॉलला वाटलं, पाहुण्यांना आपली पद्धत माहीत नाही. पाटणकर काका लगबगीने पुढे झाले आणि "सरांच्या वतीने" म्हणत त्यांनी खिशातली एक नोट ताटात टाकली. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माझं टाळकं सटकलं. मी उठलो आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, तिने काय मागितलं आणि तिला काय मिळालं ते मराठीत सांगितलं. शब्दाला शब्द. माणसं आपापल्या फोनमध्ये बघायला लागली. मेयरबाई तेवढ्या हसत राहिल्या, त्या बिचारीला काय कळणार. मग कुणीतरी माइकवर म्हणालं, "चला, आरतीची वेळ झाली," आणि शेदोनशे माणसं जीव खाऊन टाळ्या वाजवत आरती म्हणायला लागली.

मालीने ती नोट काकांच्या हातात परत दिली. "काका, हे तुमचा आहे. त्यांनी काही दिला नाही."

"अरे, ही काय वेळ होती का?" काका तिला नाही, मला म्हणाले. ग्रुपवर दोन दिवस माझा उद्धार चालला होता, की मी पाहुण्याचा अपमान केला. तिसऱ्या दिवशी फोटो आले. सगळ्यात जास्त बदाम मास्तर आणि मोदकांच्या फोटोला पडले.

मास्तर ठरल्याप्रमाणे परत गेले. विमानतळावर जमिनीला डोकं टेकवलं, रडले, आणि संध्याकाळी त्याच सेनापतींच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसले. दामच्या खटल्याचं काही झालं नाही. मालीने तीनदा त्यांच्या ऑफिसात फोन केला. दर वेळी एक नवीन मुलगी अगदी आदराने निरोप लिहून घ्यायची.

यंदा जानेवारीत आम्ही लाओसला दामकडे गेलो. नदीच्या कडेला तो पंक्चर काढायचं दुकान चालवतो. हिवाळ्यात पात्र इतकं आटतं की पलीकडचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. बोट दाखवून त्याने मला घर दाखवलं: ते चिंचेचं झाड, त्याच्या मागे निळा पत्रा, आणि अंगणात जी हलतेय ती आई. हाक मारली तर ती वर बघेल इतकं जवळ. तो मारत नाही, कारण आई पाण्यापर्यंत धावत येते आणि मग तिला परत जाववत नाही.

तेव्हा मला नागपूरची माझी आई आठवली. घर लांब राहिलं म्हणून मी आयुष्यभर गळे काढले, आई. माफ कर, पण ते खोटं होतं. मी रागावलो तर उद्या तिकीट काढून नागपूरला येऊ शकतो, आणि नाही आलो तर तो माझा आळस. जिथे जायला कुणाची परवानगी लागत नाही ते घर. माझ्याकडे अशी दोन आहेत, आणि दोन्हीबद्दल माझी तक्रार असते.

दामच्या दुकानात, टायरांच्या वर, मास्तरांचा फोटो अजून आहे. माझा हात तो ओढून काढायला शिवशिवत होता. दाम माझ्यासाठी खुर्ची पुसत म्हणाला, "जावईबापू, तुमच्याकडे थंडी फार, नाही? मास्तरांनी फार सोसलं तिकडे. आता घरी आहेत, बरं वाटत असेल त्यांना."

मालीने माझा हात घट्ट धरला. मी बसलो.