सुमनताईंनी फोडलेला नारळ

सुमनताई मशीनला हात लावण्याआधी दोन्ही तळवे पदराला पुसायच्या. भीतीने त्यांच्या हातांना घाम सुटायचा. कुपवाडच्या आमच्या कारखान्यात मी हिशेब पाहतो. तिथला प्रेस विभाग, म्हणजे पत्रा दाबून कापणारी यंत्रं, खरं तर त्याच चालवत. दोनदा इन्चार्जची जागा रिकामी झाली आणि दोनदा त्यांनी शिकवलेला पोरगाच ‘साहेब’ झाला. त्या मात्र ‘ताई’च राहिल्या.

त्यांचं माहेर कवठे महांकाळकडचं, मेंढरं राखणारं. “भ्या म्हंजे कुत्रं, भाऊ,” त्या मला म्हणत, “पळालो की मागं लागतंय.”

तिसऱ्यांदा जागा रिकामी झाली, तेव्हा त्यांनी मालकांकडे ती मागितली. मालक गोड बोलले. “ताई, तुम्ही तर घरच्याच. पण खंडेनवमीला नारळ इन्चार्जनं फोडायचा असतो. बाईनं फोडलेला पोरांना चालेल का?”

खंडेनवमी आली. मशीनांना हळदकुंकू लागलं, हार पडले. नारळ मात्र तसाच राहिला, कारण इन्चार्ज अजून ठरला नव्हता. सुमनताईंनी तळवे पुसले आणि प्रेससमोर नारळ फोडला.

मागून कुणीतरी म्हणालं, “आता कुनाचं तरी बोट जातंय बघ, गड्या.” कुणीच हसलं नाही. 

त्या दिवसापासून कामाची पाळी सुरू होण्याआधी त्या प्रत्येक प्रेसपुढची, हात आत जाऊ न देणारी जाळी ओढून पाहायच्या. “कुनाला खरचटलं तरी माज्याच नावावर येनार, भाऊ. झोपच लागंना.” वर्षभर कुणाला काही झालं नाही. पण न झालेला अपघात कुणाच्या लक्षात राहतो? इन्चार्जच्या जागेवर बाहेरचा माणूस आला.

साताऱ्याच्या एका कारखान्याने त्यांना इन्चार्ज म्हणून बोलावलं. सांगली स्टँडवर मी विचारलं, “भीती वाटतेय?”

“लय. कुत्रं बी येतंय की संगं. त्येचं अर्दं तिकीट काडतो.”

महिन्याच्या आत आमच्याकडे एका कामगाराचं बोट प्रेसखाली गेलं. “बाईचा नारळ भोवला शेवटी,” असं जो तो म्हणू लागला. आठवड्याने सुमनताईंचा फोन आला.

“समदी धड हायती न्हवं, भाऊ?”

 मला खोटं बोलवेना. झालं ते सांगितलं, लोक काय म्हणतात तेही.  आता त्या रडतील, असं मला वाटलं.

पण त्यांनी विचारलं, “जाळी कुनी काडली हुती?”

आमच्या कारखान्यात हे अजून कुणीच विचारलं नव्हतं.