टूवूंबाला, सायमनचा फळा बघायला

‘ईस्टरला टूवूंबाला ये’ असं सायमनचं पत्र आलं, तेव्हा आठवडाभर मी उत्तरच दिलं नाही. उघडच सांगतो, मी त्याच्यावर जळत होतो. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी ठाण्याचा, तो वसईचा, मेलबर्नला दोघं एकाच कारखान्यात. एका जपानी कंपनीशी करार झाला आणि तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी आमच्यातल्या एकाला जपानला पाठवायचं ठरलं. ग्राइंडिंग मशीनवर माझा हात धरणारा कोणी नव्हता. तरी गेला सायमन! परतल्यावर त्याला दूर उत्तरेकडच्या टूवूंबा शहरातल्या एका कारखान्यात कामगारांना शिकवायची नोकरीही मिळाली.

"जळायचंच आहे तर तिकडे जाऊन जळ," माझी बायको सुनंदा म्हणाली. "निदान फिरणं तरी होईल."

ग्लेन वेव्हर्ली या मेलबर्नच्या आमच्या उपनगरातून गुरुवारी दुपारी निघालो. तुम्हीही आतल्या हायवेनेच जा, समुद्रकाठचा रस्ता देखणा पण लांबचा. गुड फ्रायडेला बरेच पंप बंद, म्हणून टाकी आदल्या दिवशीच भरून घ्या. अंधारात कांगारू आडवे येतात, तेव्हा दिवसाउजेडी मोटेल गाठा. खोल्या साध्या, स्वस्त आणि स्वच्छ. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी होती, ती दोन दिवस पुरली. शनिवारी दुपारी पोचलो.

रविवारी सायमनच्या बायकोने वसईकडच्या फुग्या, म्हणजे मैद्याचे फुगलेले गोळे, तळल्या. मी सात खाल्ल्या, पण त्यांच्या दिवाणखान्यातली जपानची छायाचित्रं काही गिळवेनात. जेवणानंतर सायमनने कारखाना दाखवायला नेलं. सुट्टी होती, पण किल्ली त्याच्याकडेच. त्यावरही मी जळलो.

भिंतीवर मोठा फळा होता. डावीकडे कामगारांची नावं, वर मशिनांची, आणि प्रत्येक चौकोनात चार भाग केलेलं वर्तुळ.

"एक भाग काळा म्हणजे शिकतोय," सायमन म्हणाला. "तीन म्हणजे एकट्याने मशीन चालवतो."

"आणि पूर्ण?"

"दुसऱ्याला शिकवलं तर पूर्ण. जपानमध्ये सीनियरचा तोच मेन जॉब रे."

"म्हणजे माझे तीनच," मी हसून म्हणालो. तो हसला नाही.

"बॉसने आधी तुझंच नाव घेतलेलं. पण फोरमन म्हणाला, हा गेला तर ग्राइंडर तीन महिने कोण चालवणार?"

मशीनची सगळी सेटिंग्ज मी एका वहीत मराठीत लिहायचो. मुद्दाम मराठीत, कुणाला वाचता येऊ नये म्हणून. वर वही कुलपात. परक्या देशात मला कुणी हलवू नये, एवढाच हेतू होता. कुणी हलवलंही नाही.

परतीच्या वाटेवर दुसऱ्या दिवशी सुनंदाने विचारलं, "झालं का जळून?"

"नाही."

कामावर गेलो आणि शेजारच्या मशीनवरच्या मारियासाठी ती वही इंग्रजीत उतरवायला घेतली.

"यू लीव्हिंग, मेट?" तिने घाबरून विचारलं.

मी तिला शिकवलं. वर्षभरात तिने आणखी दोघांना शिकवलं. पुढच्या वेळी जपानला कोण गेलं असेल? मारिया! विमानतळावर सोडायला मीच गेलो, आणि वाटभर मनातल्या मनात जळत होतो. मी उतरवलेली वही तिच्या बॅगेत होती.

तर टूवूंबाला जरूर जा, रस्ता उत्तम आहे. जपानचं मात्र मला विचारू नका. तिकडे माझी वही जाऊन आली आहे, मी नाही.